किंमत माहीत नसलेले हात

घड्याळांच्या लिलावात सोन्यापेक्षा स्टील महाग असतं, हे पहिल्यांदा ऐकल्यावर हसू येतं. आकडे कळले की ते मावळतं. पाटेक फिलिप कंपनीचं १५१८ हे मॉडेल १९४१ मध्ये आलं. लीप वर्षाचा हिशेबही स्वतःच ठेवणारं कॅलेंडर आणि जोडीला स्टॉपवॉच, अशा दोन करामती एकाच मनगटी घड्याळात बसवून नियमित उत्पादनात आणलेलं जगातलं हे पहिलं मॉडेल. सगळे मिळून २८१ नग झाले असं मानतात. त्यातले बहुतेक सोन्याचे. स्टीलचे आजवर उजेडात आले ते फक्त चार. त्या चारांतलं एक नोव्हेंबर २०१६ मध्ये फिलिप्स या लिलावगृहाने जिनिव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला विकलं. तेच घड्याळ नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच शहरात, त्याच लिलावगृहाच्या टेबलावर परत आलं आणि १ कोटी ४१ लाख ९० हजार फ्रँकला गेलं. सोन्यातलं त्याचं एकही भावंड इतक्या किमतीला गेलेलं नाही.

यामागचं कारण कुणालाही पटेल असं आहे. त्या काळी ज्याला हे घड्याळ परवडत होतं, त्याला ते स्टीलमध्ये नको होतं. स्टील म्हणजे कामाची वस्तू. ती सैनिकाच्या, इंजिनियरच्या, डॉक्टरच्या मनगटावर शोभायची. एवढे पैसे मोजायचे तर ते लोकांना दिसले पाहिजेत, नाही का? म्हणून स्टीलची फारशी घडलीच नाहीत. जे तेव्हा कुणाला नको होतं, त्याच्यासाठी आता कोट्यवधी मोजले जातात.

मी घड्याळांचा संग्राहक नाही. पण रात्री उशिरापर्यंत जागून हे लिलाव स्क्रीनवर बघायची मला सवय लागली आहे. त्यांचे जाडजूड कॅटलॉग तर मी कादंबरीसारखे वाचतो. इतकं वाचून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. या बाजारात जिच्यावर सर्वांत जास्त पैसा ओतला जातो, त्या वस्तूमागे बहुतेकदा कुणाची तरी जुनी बेफिकिरी असते. न खपलेला माल, फसलेला रंग, सहज कुणाला देऊन टाकलेली भेट. किंमत माहीत नसलेल्या माणसाने जे केलं, त्याची किंमत आज ती पुरेपूर माहीत असलेला माणूस चुकवतो आहे.

आता रोलेक्स डेटोनाचंच बघा. १९६३ मध्ये मोटार शर्यतवाल्यांसाठी आलेलं हे घड्याळ. त्याच्या काही नगांवर सिंगर या कंपनीने बनवलेली निराळी तबकडी होती. फरक बघायचा तर भिंग घ्यावं लागतं. आतल्या छोट्या वर्तुळांतल्या रेघांच्या टोकाला इवलाले चौकोन आहेत. आकड्यांचं वळण जुन्या सिनेमागृहाच्या पाटीसारखं आहे. सेकंदाच्या वर्तुळात नेहमीच्या २०, ४०, ६० ऐवजी १५, ३०, ४५, ६० लिहिलं आहे. बस, इतकंच. गिऱ्हाइकांना ते तेव्हा भडक वाटलं. दुकानांतल्या ट्रेमध्ये ही घड्याळं वर्षानुवर्षं पडून राहायची आणि विकणाऱ्यांच्या डोक्याला ताप व्हायची. किंमत दोन-अडीचशे डॉलरच्या घरात.

अशा तबकडीचं एक घड्याळ अभिनेत्री जोअ‍ॅन वुडवर्डने आपल्या नवऱ्यासाठी घेतलं. नवरा म्हणजे हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन. त्याला मोटारी पळवायचा नाद लागला होता, म्हणून तिने घड्याळाच्या पाठीवर इंग्रजीत कोरून घेतलं, 'गाडी सांभाळून चालव. मी.' न्यूमनने ते अनेक वर्षं वापरलं. ऐंशीच्या दशकात जुन्या घड्याळांचा शौक वाढला, इटलीतल्या संग्राहकांना ही तबकडी आवडू लागली आणि तिला न्यूमनचंच नाव चिकटलं. पण ज्या मनगटावरून ते नाव आलं, त्यावर मूळ घड्याळ तोवर राहिलंच नव्हतं. १९८४ च्या उन्हाळ्यात मुलीचा मित्र घरी काही काम करत होता. न्यूमनने त्याला किती वाजले विचारलं. पोराकडे घड्याळच नव्हतं. न्यूमनने आपल्या हातातलं काढून दिलं. चावी द्यायला विसरला नाहीस तर वेळ बरी दाखवतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला म्हणे. पुढे त्या मुलाने ते अनेक वर्षं रोज वापरलं.

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते लिलावाला आलं. लिलावगृहाने अंदाज दिला होता दहा लाख डॉलरहून अधिक. ऑरेल बाक्स हा लिलावकर्ता व्यासपीठावर उभा राहिला आणि पहिलीच बोली फोनवरून आली ती एक कोटीची. सभागृहात एकच गलका झाला. बारा मिनिटांनी हातोडा पडला दीड कोटीच्या वर, १ कोटी ५५ लाखांवर. त्यावर लिलावगृहाचा आकार चढला आणि घेणाऱ्याचं बिल झालं १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. नुसता आकारच साडेबावीस लाखांच्या वर! घड्याळ कुणीही नेवो, टेबलामागे उभा असलेला माणूस नेहमीच जिंकतो.

लिलावात भाव जिंकणारा ठरवत नाही, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला. भाव ठरवतो तो हरणारा. ज्याने घड्याळ नेलं तो कदाचित दोन कोटीही द्यायला तयार असेल, पण त्याला एवढेच द्यावे लागले, कारण दुसरा तिथवर येऊन थांबला. म्हणजे अख्ख्या जगात एका वस्तूसाठी वेडे झालेले दोन माणसं असली की पुरे. तिसऱ्याला त्यात रस असण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी मथळा मात्र असा येतो की जणू साऱ्या मानवजातीने मिळून त्या घड्याळाची किंमत ठरवली. मग तोच आकडा आधार होतो. कुणाच्या कपाटातली तशी तबकडी बाहेर निघते, विम्याची रक्कम बदलते, भावंडांत वाटण्यांवरून तणातणी होते. हे सगळं त्या एका रात्री हरलेल्या माणसाच्या जिद्दीमुळे.

बरं, वेळ दाखवण्यासाठी हे कुणी घेतं का? मुळीच नाही. अधिकृत प्रमाणपत्र मिळालेल्या यांत्रिक घड्याळालासुद्धा दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची मुभा असते. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंदच चुकतं. ही लढाई १९६९ च्या नाताळलाच संपली होती. २५ डिसेंबरला सेको कंपनीने टोकियोत अ‍ॅस्ट्रॉन हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. तेव्हा त्याची किंमत एका छोट्या मोटारीएवढी होती. पुढच्या दशकात ती इतकी घसरली की स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातले नव्वद हजारांच्या आसपासचे कामगार ऐंशीच्या मध्यापर्यंत तीस हजारांवर आले. दऱ्याखोऱ्यांतल्या गावांचे कारखाने बंद पडले. यंत्रं भंगाराच्या भावाने गेली.

त्या पडझडीत शार्ल व्हेर्मो नावाचा एक कारागीर होता, झेनिथ कंपनीत. १९७५ मध्ये अमेरिकन मालकांनी हुकूम सोडला की यांत्रिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवाली घड्याळं, बंद, अवजारं विकून टाका. व्हेर्मोने साहेबांना पत्र लिहून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग त्याने गुपचूप साचे, अवजारं, आराखडे उचलून कारखान्याच्या माळ्यावर नेले, प्रत्येकावर खुणा केल्या, कशाला काय लागतं ते वहीत टिपून ठेवलं. काही वर्षांनी यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा तेच क्रोनोग्राफ पुन्हा बनवता आले. आणि गंमत अशी की १९८८ मध्ये रोलेक्सने आपल्या नव्या, चावी न लागणाऱ्या डेटोनासाठी याच झेनिथचं मशीन घेतलं. चावीची डेटोना बंद झाली. बंद झाली म्हणून जुनी झाली आणि जुनी झाली म्हणून तिच्या मागे इटालियन लागले. या सगळ्या किस्स्यांत मला सर्वांत आवडतो तो हा माळ्यावरचा माणूस. त्यालाही किंमतीचं काही पडलेलं नव्हतं, पण त्याची बेपर्वाई वेगळ्या जातीची. वस्तू जपायची, इतकंच त्याला कळत होतं.

या बाजाराची दुसरी खोड म्हणजे दोषांचं कौतुक. पन्नास-साठच्या दशकांत काही काळ्या तबकड्यांचा रंग कच्चा निघाला. उन्हाने तो उतरत उतरत तपकिरी झाला. कुणाचा चॉकलेटी, कुणाचा तंबाखूसारखा. कारखान्याच्या दृष्टीने हा बिघाड. आज त्यालाच 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि तशाच धडक्या काळ्या तबकडीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. काट्यांवरचा चमकणारा रंग घ्या. आधी त्यात रेडियम असायचं. त्याचं अर्धआयुष्य सोळाशे वर्षांचं, पण त्याच्या सोबतीचं झिंक सल्फाइड काही दशकांतच थकतं. म्हणून जुनी तबकडी अंधारात उजळत नाही, किरणोत्सर्ग मोजणारं गायगर यंत्र जवळ नेलं तर मात्र अजून कटकट करतं. नंतर ट्रिटियम आलं, त्याचं अर्धआयुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास. तेही विझलं आणि जाता जाता दुधाळ पांढऱ्याचं पिवळसर झालं. या पिवळेपणाच्या छटेवर जाणकार तासन् तास बोलतात. काट्यांवरचा रंग आणि तबकडीवरच्या ठिपक्यांचा रंग सारखा पिकलाय का? नसेल तर काटे बदललेले आहेत. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, कडा अजून धारदार आहेत का? नसतील तर कुणीतरी पॉलिश केलंय. पॉलिश हा तर जणू गुन्हाच.

यात न्याय नाही, असं मला वाटतं. दुरुस्तीला आलेलं घड्याळ नीट पुसून, ओरखडे घालवून, विझलेला रंग नव्याने भरून परत देणं हे चांगल्या घड्याळजीचं कर्तव्य होतं. कंपन्याही सर्व्हिसिंगमध्ये जुनी तबकडी काढून नवी बसवून द्यायच्या, आणि गिऱ्हाईक आभार मानून जायचं. ज्यांनी काळजी घेतली त्यांच्या घड्याळांचा भाव पडला. ड्रॉवरमध्ये टाकून जी विसरली गेली त्यांचा चढला.

घाणीला किंमत आली की घाण तयार होऊ लागते. ओमेगा स्पीडमास्टरचं १९५७ मधलं पहिलं मॉडेल, क्रमांक २९१५-१, तपकिरी पडलेल्या सुंदर तबकडीचं, नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात लिलावाला आलं. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक. गेलं ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकला. घेणारं होतं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. २०२३ मध्ये उघड झालं की हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं आहे, आणि या प्रकरणात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं ओमेगाने सांगितलं. म्हणजे स्वतःच्या कंपनीचं बनावट घड्याळ स्वतःच तीस लाखांना विकत घ्यायचं. संग्राहकांच्या भाषेत अशा जोडकामाला 'फ्रँकन' म्हणतात. प्रत्येक भाग खरा, गोळाबेरीज खोटी.

कंपन्या स्वतःच बोली लावतात हे तसं नवीन नाही. २००७ मध्ये जिनिव्हात फक्त ओमेगा घड्याळांचा एक मोठा लिलाव झाला. त्यात पन्नासच्या दशकातलं प्लॅटिनमचं एक कॉन्स्टेलेशन साडेतीन लाख डॉलरला गेलं. मोठा विक्रम म्हणून बोलबाला झाला. घेणारी ओमेगाच होती हे काही महिन्यांनी छापून आलं. संग्रहालयासाठी घेतलं, हे त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण संग्रहालय आणि जाहिरात यांच्यातली भिंत फार पातळ असते, इतकं तरी म्हणायला हरकत नाही.

२०२१-२२ चा धुमाकूळ मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात घड्याळ कमी आणि पैसा जास्त होता. व्याज स्वस्त, लोक घरात बसलेले, क्रिप्टोवाले रातोरात श्रीमंत. पाटेकने आपलं नॉटिलस ५७११ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जो तो त्याच्या मागे लागला. टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्याच्या खास निळ्या रंगाच्या तबकडीचं एक डिसेंबर २०२१ मध्ये ६५ लाख डॉलरला गेलं. दुकानातली किंमत होती ५२ हजारांच्या आसपास. घड्याळ कोरं करकरीत, कुणाच्याही हातात न बसलेलं. २०२२ च्या वसंतानंतर बाजार उतरला आणि महागात घेऊन बसलेले अनेकजण तोंड लपवू लागले. त्याला मी हौस म्हणत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे मोलालाच हौस म्हटलं जात होतं.

गुंतवणूक म्हणून बघणाऱ्यांसाठी एक हिशेब. सुरुवातीला सांगितलेलं स्टीलचं १५१८ नऊ वर्षांत १ कोटी १० लाखांवरून १ कोटी ४२ लाखांपर्यंत गेलं. वर्षाला तीन टक्केही पडत नाहीत. शिवाय दोन्ही आकड्यांत लिलावगृहाचा आकार धरलेला आहे. विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमी आलं असणार, आणि मधल्या काळातला विमा, तिजोरी वेगळीच. उलट व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाय याची रोलेक्स. १९५४ मध्ये जिनिव्हात त्याने दुकानात जाऊन सर्वांत दुर्मिळ, सर्वांत महागडी मागितली अशी कथा आहे. काळी तबकडी, त्यावर हिरे. २००२ मध्ये ती ३ लाख ४२ हजार फ्रँकला गेली आणि २०१७ मध्ये ५० लाख ६६ हजारांना. पंधरा वर्षांत जवळजवळ पंधरापट. आधी माहीत असतं तर, असं प्रत्येकाला वाटतं. पण २००२ मध्येसुद्धा त्या सभागृहात बसलेल्या माणसाला साडेतीन लाख म्हणजे वेडेपणाच वाटला असणार.

सम्राटांचा विषय निघालाच आहे तर पु यीच्या घड्याळाशिवाय पुढे जाता येत नाही. चीनचा शेवटचा सम्राट. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याला पकडलं आणि पाच वर्षं रशियात बंदीवासात ठेवलं. त्याच्याकडे पाटेकचं चंद्रकला दाखवणारं एक घड्याळ होतं, मॉडेल ९६. तिथे एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं की ही तबकडी प्लॅटिनमची आहे का, ते बघावं. त्याने नोकराला ती खरवडायला लावली. थोडं खरवडल्यावर खाली साधाच धातू दिसला, तेव्हा काम तिथेच थांबवलं. तबकडी अजून तशीच आहे, रंग अर्धवट निघालेला. चीनला परत पाठवलं जाण्याआधी ते घड्याळ त्याने आपल्या रशियन दुभाष्याला देऊन टाकलं. मे २०२३ मध्ये हाँगकाँगमध्ये ते ४ कोटी ८८ लाख ५० हजार हाँगकाँग डॉलरला विकलं गेलं. साठ लाख अमेरिकन डॉलरहून जास्त.

त्या तबकडीचं छायाचित्र मी कितीतरी वेळ मोठं करून बघत होतो. खरवडण्यात ना राग आहे ना नासधूस. कंटाळलेल्या कैद्याचं कुतूहल आहे, आणि हुकूम पाळणाऱ्या नोकराचा नाइलाज. आज ते घड्याळ ज्याच्याकडे आहे तो त्याला नखही लावणार नाही. लावूच शकणार नाही. न्यूमनचं घड्याळ कुणी पोराला काढून देणार नाही, आणि बाओ दायची रोलेक्स घालून कुणी जेवायलासुद्धा जाणार नाही. वापराच्या खुणांसाठी कोट्यवधी मोजायचे आणि त्या क्षणापासून वापर बंद करायचा, असा हा व्यवहार आहे. यातून पुढच्या शंभर वर्षांत लिलावाला येण्याजोगं काही तयार होणार नाही, कारण आता प्रत्येकाला किंमत माहीत आहे. नवं घड्याळ घेणारा पेटीवरचं प्लास्टिकसुद्धा काढत नाही.

आणि आतलं तेल? तेल वाळतं. घड्याळ चालो वा न चालो, काही वर्षांत ते चिकट होतं आणि मग चक्रं एकमेकांना घासू लागतात. तोलचक्राचा झोका आखूड होतो. उघडून धुतल्याशिवाय इलाज नसतो, आणि उघडलं की काहीतरी बदलण्याचा मोह. लिलावगृहांच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की घड्याळ चालू स्थितीत असल्याची हमी आम्ही देत नाही. कोटभर डॉलरची वस्तू, आणि ती चालते का याची जबाबदारी कुणाचीच नाही!

माझ्याकडे एक चावीचं घड्याळ आहे. कुठल्याही कॅटलॉगात त्याला जागा मिळणार नाही. ते मंद चालायला लागलं म्हणून घड्याळजींकडे नेलं. त्यांनी पाठ उघडली, डोळ्याला भिंग लावलं आणि झाकणाची आतली बाजू मला दाखवली. तिथे सुईच्या टोकाने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या, आकडे, दोन अक्षरं, एक तारीख. आधी ज्यांनी ज्यांनी ते उघडलं त्यांच्या सह्या. परत आलं तर कुणी, कधी हात लावला होता हे कळावं म्हणून. त्यांनीही खाली आपली खूण ओरखडली. मग केस हातात घेऊन म्हणाले, "ओरखडे फार पडलेत. पॉलिश करून देतो."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "नको, कडा जातील."

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. "विकायचंय का?"

"नाही."

"मग?" असं म्हणत त्यांनी पॉलिशच्या चाकाचं बटण दाबलंसुद्धा.